लुगडे : विणले कोणी, नेसले कोणी

मालगुंडला बाहेरगावचा माणूस आला की दोन ठिकाणे हमखास पाहतो. एक केशवसुतांचे स्मारक आणि दुसरा समुद्र. गणपतीपुळे अगदी लगतच असल्याने पर्यटकांचा ओघ बारमाही असतो. अलीकडे या किनाऱ्यावर एक नवे दृश्य दिसते. लग्न ठरलेल्या मुली फोटोसाठी येतात. अंगावर नऊवारी, नाकात नथ, पाय लाटेत. ही नऊवारी नेसलेली नसते, शिवलेली असते. निऱ्या, ओचा, कासोटा सारे शिंप्याने आधीच पक्के केलेले. पायजम्यासारखी घालायची आणि कमरेला बांधायची. आजी अर्धा तास खपून नेसायची ते पाच मिनिटांत होते. आम्हाला यात वाईट काही वाटत नाही. वस्त्र टिकते ते असेच, रूप पालटत.

पण गेल्या वर्षी घरात एक गोष्ट घडली आणि या दृश्याकडे पाहण्याची आमची नजर बदलली. आमची पुतणी शहरातल्या एका कॉलेजात शिकते. तिथे ‘पारंपरिक दिवस’ होता. वर्गातल्या साऱ्या मुली साड्या नेसून आल्या, ही नेहमीच्या सलवार-कमीजमध्ये गेली. कुणीतरी सहज विचारले, “तुमच्यात साडी नेसतात का गं?” विचारणारीच्या मनात काही वाईट नसावे. पण हिने उत्तर दिले, “नाही, आमच्यात नाही नेसत.”

सुटीत घरी आल्यावर तिने हे सांगितले. ओसरीवर बसलेल्या फुफी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले आणि म्हणाल्या, “तुझी दादी जन्मभर काय नेसली मग?” मग त्यांनी आतली पत्र्याची पेटी ओढून आणली. तळाशी, कडुलिंबाच्या सुकल्या पाल्यात, दादींचे एक गडद तांबडे लुगडे होते. सुती, काठ पिवळसर, घड्यांवर विरलेले. पुतणी ते हातात घेऊन बराच वेळ बसली.

तिचे उत्तर खोटे नव्हते. तिने तिच्या पिढीपुरते खरेच सांगितले होते. पण इतिहास म्हणून ते चूक होते. ही चूक एकट्या तिची नाही, आपली सर्वांची आहे. त्या लुगड्याचा धागा धरून मागे जाण्याचा हा प्रयत्न.

शब्दांची साक्ष

आधी भाषेकडे पाहू. पदर, काठ, निऱ्या, ओचा, कासोटा, चोळी हे नेसण्याचे शब्द मराठमोळे आहेत. ‘साडी’ हा शब्द संस्कृत ‘शाटी’पासून आला. पण ज्या मालाची ती साडी बनते आणि ज्याने ती सजते त्याचे शब्द पाहा. जरी म्हणजे फारसी ‘जर’, सोने. रेशीम हे फारसी ‘अबरेशम’चे मराठी रूप. मखमल, किनखाब, कशिदा, कलाबतू, अस्तर हे सारे अरबी-फारसी-तुर्की वाटेने आलेले. रंगांची नावेही तशीच : अंजिरी, फिरोजी, बदामी, आस्मानी, गुलाबी. मराठी बाई दुकानात बसून ‘आस्मानी रंगाची, जरीच्या काठाची’ असे म्हणते तेव्हा तिच्या एका वाक्यात दोन संस्कृती नांदत असतात आणि तिला त्याची जाणीवही नसते. नसावीच. घरच्या गोष्टीची जाणीव ठेवावी लागत नाही.

१८६६ साली मालगुंडात जन्मलेल्या केशवसुतांनी इंग्रजीतला सॉनेट मराठीत आणला. आज सुनीताला परका म्हणणारा कोणी उरला नाही. घाट पाहुणा होता, भाषेने त्याला घरचा केला. कवितेच्या बाबतीत हे आपण सहज मान्य करतो. कापडाच्या बाबतीत मात्र हे कोणाचे आणि ते कोणाचे, अशी वाटणी करायला बसतो.

दौलताबादेहून येवल्यापर्यंत

महाराष्ट्रातील कापडाचा इतिहास इस्लामच्या कितीतरी आधीचा आहे, हे प्रथम स्वच्छ सांगितले पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर ही दख्खनची दोन व्यापारी शहरे म्हणून येतात. तगरहून तलम आणि साधे कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असे. कोष्टी, साळी, देवांग, खत्री, पुढे सोलापुरात आलेले तेलुगूभाषक पद्मशाली, या साऱ्यांनी ही कला राखली. तेव्हा ‘साडी मुसलमानांनी दिली’ असा दावा कोणी करू लागला तर तोही खोटाच.

पण या मागावर आपले हातही आहेत आणि ते जुने आहेत. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादेला हलवली. राजधानी परत गेली, पण तिच्यामागून आलेले कारागीर सगळेच परतले नाहीत. पुढे १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली. तेच औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. हिमरू आणि मशरू ही या भागाची ओळख बनली. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच शरियतला मान्य असलेले. पुरुषाला निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून अंगाला सूत लागेल आणि वर रेशमाची चमक दिसेल अशी वीण कारागिराने काढली. धर्माचा नियम आणि मागाची करामत यांचा असा मेळ इतरत्र क्वचित दिसतो. स्त्रियांना रेशमाची मनाई नव्हती. त्यामुळे पैठणीचा रस्ता मोकळाच होता.

पैठणीला मोगल सुभेदारी, पेशवाई आणि निजामशाही अशा तिन्ही राजवटींचा आश्रय मिळाला. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणच्या मालाच्या मागण्या सापडतात. असावली म्हणजे फुलांची वेल, बांगडी-मोर, पोपट-मैना या तिच्या नक्षीत मोगल बागेची वेल आणि अजिंठ्याच्या मुलखातले पाखरू एकाच पदरावर बसले आहे. येवल्यात आणि पैठणात विणणारे हिंदूही होते आणि मोमीनही. पदर पाहून विणकराची जात ओळखता येत नाही.

मालेगावचे माग

दादींचे लुगडे मात्र पैठणी नव्हते. पैठणी हे श्रीमंताघरचे लेणे. कष्टकरी बाईचे लुगडे जाड सुताचे, पक्क्या रंगाचे, शेतात आणि खलाटीत टिकणारे. असे रंगीत लुगडे विणण्यात मालेगावने नाव काढले आणि इथे आपला इतिहास ठळक होतो.

१८५७ च्या उठावानंतर उत्तरेत मुसलमान विणकरांची वाताहत झाली. इंग्रजांची दहशत होती, दुष्काळ होता आणि मँचेस्टरच्या स्वस्त कापडाने माग बंद पडत होते. बनारस, मऊ, आजमगड भागातले मोमीन-अन्सारी कुटुंबकबिल्यासह आग्रा रोडने दक्षिणेकडे निघाले. कोणी बुऱ्हाणपुरात थांबले, कोणी धुळ्यात, कोणी मालेगावात, कोणी थेट भिवंडीत आणि मुंबईच्या मदनपुऱ्यात. त्यांची भाषा पुरबी-उर्दू. नऊवारी नेसणारी बाई त्यांनी आपल्या मुलखात पाहिलेली नव्हती. पण गिऱ्हाईक मराठी होते, म्हणून त्यांनी मराठी लुगडे शिकून घेतले. काठ किती रुंद हवा, पदराला पट्टे किती हवेत, खानदेशात कोणता रंग चालतो आणि घाटावर कोणता, हे सारे त्यांच्या बोटांना पाठ झाले. बनारसच्या विणकराने मराठी शेतकरणीची आवड आपलीशी केली, ही केवढी मोठी सांस्कृतिक घटना! पण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात तिला एक ओळही नाही.

घरातला पुरुष मागाच्या खड्ड्यात पाय सोडून धोटा फेकायचा. बाया-मुली कांड्या भरायच्या, ताणा लावायला मदत करायच्या. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. तेवढे विणायला कित्येक दिवस लागत. विशेष म्हणजे विणणारीच्या अंगावर ते लुगडे नसे. ती सलवार नाहीतर गरारा घाले. वस्त्र तिच्या घरात जन्मे आणि दुसरीच्या अंगावर जाई.

विसाव्या शतकात तीन धक्के बसले. १९३० च्या दशकात मालेगावात यंत्रमाग आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर नियंत्रण आणि रेशन आले. कापडाच्या टंचाईने नऊवारीची जागा पाचवारी घेऊ लागली, ती पुढे फॅशनच झाली. पाचवारी गोल नेसायची, तिला कासोटा नाही. जे लुगडे मालेगावचे मुख्य भांडवल होते त्याचे गिऱ्हाईक वर्षागणिक घटत गेले. मग नायलॉन आणि पॉलिएस्टर आले. १९८५ साली संसदेने हातमागाच्या रक्षणासाठी कायदा केला. त्यात २२ प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले. पुढे ती यादी ११ वर आली. कायदा कागदावर राहिला आणि लूम चालत राहिले. २००९-१० च्या गणनेत देशात ४३ लाखांवर हातमाग कामगार होते. २०१९-२० च्या गणनेत ते ३५ लाख २२ हजार उरले. मालेगाव आणि भिवंडी आज प्रामुख्याने यंत्रमागाची शहरे आहेत. तिथून निघणारे बहुतेक कापड कोरे, बिनरंगी असते. ते रंगायला, छापायला दुसरीकडे जाते आणि दुसऱ्याच नावाने विकले जाते.

आमच्या मोहल्ल्यात

इकडे कोकणात लुगडे नेसणाऱ्या बाया होत्या. कोकणी मुसलमान समाज अरब व्यापाऱ्यांशी नाते सांगतो. पण घरात बोलतो कोकणी-मराठी आणि खातो भात-मासळी. पोशाखाचेही तसेच. आमच्या दादी नऊवारी गोल नेसत, कासोटा न घालता. चोळी पूर्ण बाह्यांची. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. नमाजच्या वेळी वरून पांढरी ओढणी घेत. कुंकू नाही, जोडवी नाहीत, पण गळ्यात काळी पोत असे. गावात कोणी परका आला तर शेजारच्या घरची बाई कोण आणि आमच्या घरची कोण हे त्याला पदरावरून कळे, लुगड्यावरून नव्हे. लुगडे सगळ्यांचे एकच.

हे लुगडे मुंबईहून यायचे. घरातले पुरुष बोटीवर नाहीतर गोदीत कामाला. जयगडला बोट लागली की ट्रंकेत सगळ्यांसाठी कापड असे. ईदला एक, लग्नकार्याला एक. जुने झाले की फेकायचे नाही. त्याची आधी बाळाला झोळी, मग वाकळ, मग पोतेरे. आमच्यापैकी बहुतेकांची पहिली झोप अशाच झोळीत झाली. उरलेच तर बोहारणीला देऊन पातेले घ्यायचे. बहुतेक लुगडी अशीच गेली, म्हणून आज इतिहासाला पुरावा म्हणून एक जोडही मिळत नाही.

१९७० नंतर आखाताची वाट उघडली. कुवेत, दुबई, बहरीनहून येणाऱ्या ट्रंकांत जपानी जॉर्जेटच्या साड्या आल्या. न चुरगळणाऱ्या, झटकन वाळणाऱ्या, फुलाफुलांच्या. आमच्या फुफींच्या लग्नातल्या साड्या त्याच. पुढे त्याच ट्रंकांतून अबाया येऊ लागला. मुलींच्या शाळेत गणवेश म्हणून सलवार-कमीज आला. ती सोयीची होती, अंगभर होती आणि सर्व समाजातल्या मुली ती घालू लागल्या होत्या. घरात बायांनी मॅक्सी धरली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर आणखी एक गोष्ट झाली. भ्यालेला समाज आपली खूण घट्ट धरतो. काही घरांत साडी ‘त्यांची’ ठरली. कोणी फर्मान काढले नाही. पोट उघडे दिसते, सतर राहत नाही, असे वाजमधून सांगितले जाऊ लागले. पूर्ण बाह्यांची चोळी आणि डोक्यावर पदर घेणाऱ्या आमच्या दादींची सतर कुणाला कमी वाटली होती, हे मात्र कोणी विचारले नाही.

बुरखा घेणाऱ्या आपल्या बहिणींवर टीका करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. काय ल्यावे हा ज्या बाईचा तिचा प्रश्न आहे. आमचा मुद्दा एवढाच, की निवडणाऱ्याला आधी आपल्या पेटीत काय काय आहे हे ठाऊक असावे.

साडी ‘त्यांची’ कशी ठरली

साडीला एकाच धर्माचे वस्त्र ठरवण्याचे काम मात्र एकट्या आपण केले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या वर्गाला ‘भारतीय स्त्री’चे एक चित्र हवे होते. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी मुंबई इलाख्यात राहिल्या आणि पारशी बायांचे नेसणे पाहून त्यांनी बंगाली भद्र स्त्रियांसाठी नवी पद्धत बसवली. म्हणजे आधुनिक साडीच्या जन्मातच पारशी हात आहे. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेल्या त्या साडी नेसून. चित्रे सुंदर होती, हेतूही वाईट नव्हता. पण देवी साडीत आणि साडी देवघरात, असे समीकरण मनात बसले.

सिनेमाने ते गडद केले. २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई नऊवारीत आहेत आणि मस्तानी घेरदार अनारकलीत. प्रेक्षकाला कोण कोणत्या धर्माची हे संवादाआधी कपड्यावरून कळते. त्यानंतर बाजारात ‘मस्तानी ड्रेस’ आला आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मुलींनी तो हौसेने घेतला. पडद्याने आखलेली रेघ आपण अंगावर घेतली.

उलटी उदाहरणे हवी असतील तर दूर जायला नको. १९३१ साली हैदराबादच्या निजामाच्या दोन मुलांची लग्ने उस्मानी घराण्यातल्या दोन शहजाद्यांशी झाली. एक दुर्रेशहवार, अखेरचे खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांची कन्या. दुसरी निलोफर. दोघी युरोपात वाढलेल्या. सासरी आल्यावर दोघींनी साडी स्वीकारली आणि ती अशी मिरवली की युरोपातल्या छायाचित्रकारांनी त्यांच्या तसबिरी टिपल्या. निलोफरच्या साड्यांवरचे भरतकाम मुंबईत होई. त्या काळी मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता. खलिफाच्या मुलीला साडी इस्लामबाह्य वाटली नाही, हे आम्हाला वाटते पुरेसे बोलके आहे.

पूर्वेकडे बांगलादेशात कोट्यवधी मुसलमान बाया साडी नेसतात. ढाक्याच्या जामदानीची नोंद युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. पश्चिमेकडे पाकिस्तानात जनरल झियांच्या काळात साडीकडे ‘हिंदुस्थानी’ म्हणून वाकड्या नजरेने पाहिले गेले. इक्बाल बानोंनी १९८६ साली लाहोरात फैज गायिले ते काळी साडी नेसून, असे सांगितले जाते. एकाच धर्माचे तीन मुलूख आणि साडीशी तीन नाती. तेव्हा प्रश्न धर्माचा कमी आणि राजकारणाचा जास्त आहे.

आजची फॅशन आणि विणकराचे नाव

साडी आपल्या घरातून निघून चालली होती नेमकी तेव्हा ती जगाच्या नजरेत भरत होती. तशी नजर जुनीच. १९३५ साली पॅरिसच्या एल्सा शियापरेलीने कपूरथळ्याच्या सीतादेवींच्या साड्या पाहून आपले पोशाख बेतले होते. २०२२ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट गालाला पुण्याच्या नताशा पूनावाला गेल्या, त्या सब्यसाचीची सोनेरी साडी आणि वर शियापरेलीच्याच पेढीची धातूची चोळी घालून. २०२३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने साडीच्या नव्या रूपांचे प्रदर्शन भरवले. शर्टावर नेसलेली, पट्टा बांधलेली, धातूच्या तारेची, बूट घालून स्केटबोर्डवर चालवलेली, अशी साडी तिथे दिसली. ऋता कपूर चिश्ती यांनी देशभर फिरून नेसण्याच्या शंभरावर पद्धती नोंदवल्या. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विरलेल्या साड्यांची वाकळ आज ‘डिझायनर’ म्हणून महागड्या दुकानात टांगलेली असते. आमच्या दादींना हे पाहून हसू आले असते.

या साऱ्याचा आम्हाला आनंद आहे. पण एक खंतही आहे. साडीच्या लेबलावर डिझायनरचे नाव असते, दुकानाचे असते, कधी गावाचेही असते. विणकराचे नसते. बनारस, चंदेरी, महेश्वर या साऱ्या ठिकाणी मागावर अन्सारी-मोमीन मोठ्या संख्येने आहेत. महेश्वरी साडीच्या मागे तर आपल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांचा आश्रय. मराठी राणीने आश्रय दिला आणि आज तिथे मोमीनाच्या हाताने विणकाम चालते. केंद्र सरकार श्रेष्ठ विणकराला जो पुरस्कार देते त्याला संत कबीरांचे नाव आहे, म्हणजे एका जुलाह्याचे. पण बाजारात मात्र त्या जुलाह्याच्या वंशजाला नाव नाही.

म्हणजे दोन्हीकडून आपण गहाळ झालो. विणकर म्हणून लेबलावरून आणि नेसणारी म्हणून आपल्याच मुलीच्या उत्तरातून. पहिल्या गोष्टीला बाजार जबाबदार आहे. दुसरीला आपण.

मुलींनी सलवार सोडून साडी नेसावी, असे आमचे म्हणणे नाही. इतिहासाचे ओझे कुणाच्या अंगावर टाकू नये. आमची विनंती साधी आहे. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बायांना एकदा विचारा, त्यांच्या सासूने काय नेसले, कसे नेसले, कापड कुठून आले, त्या रंगाला त्या काय म्हणत. ते लिहून ठेवा. जुने फोटो असतील तर मागे नाव आणि साल टाका. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांनी आपल्या आजोबांच्या मागाची हकीगत लिहावी. धोट्याला, फणीला, कांडीला घरात कोणते शब्द होते ते नोंदवावेत. हे काम विद्यापीठ करील म्हणून थांबलो तर पेट्या तोवर बोहारणीकडे गेलेल्या असतील.

पुतणीने दादींच्या लुगड्याचा फोटो काढला. मग नऊ वार कापड ओसरीत उलगडून तिने फुफींना विचारले, “दादी ओच्यात काय ठेवायच्या?” फुफी म्हणाल्या, “आंबोशी. आणि नातवंडांसाठी चार आणे.” ते तिने वहीत लिहून घेतले. मग लुगडे नव्या पाल्यात घडी घालून पेटीत ठेवले. या वेळी तळाशी नाही, वर.